शहाण्याने कोर्टाची पायरी चढावी, पण कागद घेऊन



“साधं ऑपरेशन आहे, चार दिवसांत घरी” हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकले आहे. अपेंडिक्सचे, हर्नियाचे, पिशवीचे, मोतीबिंदूचे, बाळंतपणातल्या सिझरचे, कुटुंब नियोजनाचे. बहुतेक वेळा हे वाक्य खरेच ठरते. पेशंट घरी येतो, आठवड्याने टाके निघतात आणि महिन्या-दीड महिन्याने गडी पुन्हा रानात दिसतो. ज्या डॉक्टरांच्या हातून हे घडते त्यांचे उपकार मानायलाच हवेत.

पण एखाद्या घरी पेशंट चालत येत नाही. येते ती अ‍ॅम्ब्युलन्स, आणि तिच्यात काय आहे हे गाडी वेशीत शिरायच्या आधीच गावाला कळलेले असते. धडधाकट बाई टाके घालायला गेली आणि गेलीच, असे म्हणत माणसे ओट्यावर गोळा होतात. पुढे जे घडते त्याच्या आपल्याकडे तीन ठरलेल्या वाटा आहेत. पहिली वाट दगडाची. चार-दोन जीप भरून जायचे, दवाखान्याच्या काचा फोडायच्या, सापडेल त्या कंपाउंडरला चोपायचे. दुसरी वाट तडजोडीची. कुणीतरी पुढारी मध्ये पडतो, मागच्या खोलीत बैठक बसते, काही रक्कम ठरते, कोऱ्या कागदावर सही-अंगठा होतो आणि “विषय मिटला” असे जाहीर होते. तिसरी वाट कपाळाची. “तिची तेवढीच होती” म्हणायचे आणि दहाव्याच्या तयारीला लागायचे.

तिन्ही वाटांचा शेवट एकच. माणूस कशाने गेला हे कधीच कळत नाही. चूक झाली असेल तर ती तशीच राहते आणि उद्या दुसऱ्या गावच्या बाईच्या वाट्याला येते. चूक नसेल तर चांगला डॉक्टर जन्मभर बदनाम होतो.

चौथी वाट आहे ती कायद्याची. तिचे नाव काढले की लगेच म्हण पुढे येते, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. बांधाच्या भांडणात तीन पिढ्या घालवलेल्या आपल्या मुलखात ही म्हण उगाच तयार झालेली नाही. तरीही दवाखान्यातल्या मृत्यूच्या बाबतीत ती जशीच्या तशी मानू नका, असे आमचे सांगणे आहे. का, ते आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन खटल्यांवरून पाहू.

औरंगाबादचा टॉवेल

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. सन १९६३. एक शिक्षिका १० जुलैला सरकारी प्रसूती रुग्णालयात दाखल झाली. बाळंतपणानंतर कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन करून घ्यायचे, हे घरच्यांनी आधीच ठरवले होते. १३ जुलैला ते ऑपरेशन झाले. लगेच सणकून ताप भरला, पोटात असह्य दुखू लागले. इतक्या साध्या ऑपरेशननंतर असे होण्याचे कारण नव्हते. नवरा या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे धावला. अखेर १९ जुलैला दुसऱ्या सर्जनने पोट पुन्हा उघडले. आत पू झालेला होता आणि पहिल्या ऑपरेशनच्या वेळचा टॉवेल पोटातच राहिलेला होता. २४ जुलैला ती बाई गेली.

घरच्यांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपये भरपाई मंजूर केली. सरकार अपिलात गेले. उच्च न्यायालयाने निकाल फिरवला. हॉस्पिटल चालवणे हा राज्याचा सार्वभौम अधिकार, म्हणून तिथल्या चुकीला सरकार जबाबदार नाही, असे धरले गेले. म्हणजे पोलीस-लष्कर चालवण्याच्या माळेत दवाखानाही ओवला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २० फेब्रुवारी १९९६ रोजी निकाल लागला. वकील मंडळी याला ‘खोडवा खटला’ म्हणून ओळखतात.

सर्वोच्च न्यायालयाने तीन गोष्टी सांगितल्या. त्या प्रत्येक गावकऱ्याने लक्षात ठेवाव्यात अशा आहेत.

पहिली, हॉस्पिटल चालवणे हे लोककल्याणाचे काम आहे. तिथे नोकराच्या हातून निष्काळजीपणा झाला तर मालक म्हणून सरकारने भरपाई द्यायची.

दुसरी, पोटात टॉवेल राहिला हीच निष्काळजीपणाची साक्ष. तो नेमका कोणाच्या हातून राहिला, डॉक्टरच्या की मदतनिसाच्या, हे पेशंटच्या नवऱ्याने सिद्ध करायची गरज नाही. ऑपरेशनच्या खोलीत तो काही उभा नव्हता.

तिसरी, दुसऱ्या ऑपरेशनमुळे पोटात पू पसरला असे घटकाभर मानले तरी टॉवेल आत राहिला नसता तर दुसरे ऑपरेशन करायची वेळच आली नसती. मूळ चूक पहिलीच.

सरकारवरचा ३६ हजारांचा हुकूमनामा कायम झाला. पण तो कधी? बाई गेली १९६३ मध्ये आणि शेवटचा निकाल लागला १९९६ मध्ये. त्या वेळच्या तान्ह्या मुलांची तोवर लग्ने होऊन त्यांनाही मुले झाली असतील. तेव्हा ३६ हजारांत जमीन येत होती, १९९६ साली त्यात बरी बैलजोडी आणि वर थोडेफार. म्हण खोटी नाही ती इथे.

कोकणातला पाय

दुसरा खटला याच्याही आधीचा. मे १९५३, रत्नागिरी जिल्ह्यातले पालशेत. वीस वर्षांच्या मुलाचा समुद्रकिनारी अपघात झाला, मांडीचे हाड मोडले. गावात तात्पुरती लाकडी पट्टी बांधून त्याला पुण्याच्या खासगी रुग्णालयात नेले. तिथे भूल न देता, जोर लावून हाड ओढून प्लास्टर घातले, असे कोर्टात शाबीत झाले. मुलाला धक्का सहन झाला नाही आणि त्याच दिवशी, ९ मे रोजी, तो गेला. मांडीचे हाड मोडून माणूस दगावत नसतो. वडिलांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने ३ हजार रुपये दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली तो निकाल कायम केला.

रक्कम लहान, पण त्या निकालातली तीन वाक्ये आजही देशभरच्या कोर्टांत वाचली जातात. पेशंट हातात घ्यायचा की नाही हे ठरवताना डॉक्टरने काळजी घ्यावी. कोणता उपचार करायचा हे ठरवताना काळजी घ्यावी. आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना काळजी घ्यावी. या तिन्हींपैकी कुठेही कसूर झाली तर पेशंटला दाद मागता येते.

यातले मधले वाक्य आपल्या खेड्यापाड्यांसाठी फार मोलाचे आहे. ऑपरेशन नीट झाले का, एवढेच आपण विचारतो. ऑपरेशन करायलाच हवे होते का, हे कुणी विचारत नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या बायांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत पिशवी काढण्याची ४,६०५ ऑपरेशने झाली, असे सरकारनेच सभागृहात सांगितले. यातली सगळीच नको होती असे म्हणता येणार नाही. पण अंगावरून जाते म्हणून तिशीतल्या बाईची पिशवी काढायची असेल, तर आधी दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायला कुणाची हरकत नसावी. बैल विकत घेताना आपण चार जणांना दात दाखवतो. बायकोच्या पोटाला सुरी लावायच्या आधी दोघांना विचारले तर बिघडले काय?

प्रत्येक मृत्यू म्हणजे गुन्हा नव्हे

आता दुसरी बाजू. तीही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे.

ऑपरेशन कितीही साधे असले तरी भुलीचा धोका असतो, रक्तस्राव होऊ शकतो, फुप्फुसात गुठळी अडकू शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो. सगळी काळजी घेऊनही हजारात एखाद्याच्या नशिबी हे येते. त्याला कायदा निष्काळजीपणा म्हणत नाही. त्या परिस्थितीत सर्वसाधारण कुशलतेच्या डॉक्टरने जे केले असते ते या डॉक्टरने केले का, ही कायद्याची कसोटी आहे. सर्वात हुशार डॉक्टरने काय केले असते, असे कायदा विचारत नाही. दोन मान्य पद्धतींपैकी एक निवडली आणि ती लागू पडली नाही, एवढ्यावर दोष येत नाही.

आणि तुरुंगाचे म्हणाल तर ती रेघ आणखी पुढे आहे. ५ ऑगस्ट २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील एका प्रकरणात ठरवून दिले की, डॉक्टरवर फौजदारी खटला चालवायचा तर निष्काळजीपणा ढोबळ आणि अतिशय गंभीर असला पाहिजे. पोलिसांनी आधी त्या विषयातल्या जाणकार आणि निःपक्ष डॉक्टरचे, शक्यतो सरकारी सेवेतल्या, मत घ्यावे. केवळ आरोप झाला म्हणून डॉक्टरला सरसकट अटक करू नये. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून उपचार करताना घडले असेल तर ती दोन वर्षांपर्यंत.

म्हणून ठाण्यात जाऊन “डॉक्टरला आत टाका” असा हट्ट धरण्यात शक्ती घालवू नका. भरपाईचा दावा वेगळा, त्याची कसोटी वेगळी आणि तुलनेने सोपी. दगडाचे तर बोलूच नका. दवाखान्यावर हल्ला केला तर २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. म्हणजे माणूस गेला आपला आणि आरोपीही आपणच. शिवाय त्या गोंधळात केसपेपर कुठे गेले हे विचारायचे तोंडही राहत नाही.

दार कोणते ठोठवायचे?

पैसे देऊन उपचार घेतले असतील तर जिल्हा ग्राहक आयोग. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी ठरवले. नवा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात आरोग्यसेवेचा शब्द नाही म्हणून डॉक्टर सुटले, अशी हाकाटी मध्यंतरी झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली ती फेटाळली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली त्यावर शिक्का मारला. डॉक्टर कायद्यात आहेतच.

या आयोगाच्या चार गोष्टी आपल्या सोयीच्या आहेत. एक, ऑपरेशन पुण्या-मुंबईला झाले तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. दोन, दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, मग मागितलेली भरपाई कितीही असो. तीन, वकील दिलाच पाहिजे असे बंधन नाही. चार, कॉम्प्युटरवरूनही तक्रार दाखल होते. पण मुदत फक्त दोन वर्षांची. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, मात्र “माहीत नव्हते” हे सबळ कारण म्हणून चालेल या भरवशावर राहू नका.

सरकारी दवाखान्यात सगळ्यांनाच फुकट उपचार होत असतील तर ग्राहक आयोगाचे दार बंद. केसपेपरचे पाच-दहा रुपये दिले म्हणून आपण ग्राहक होत नाही. पण म्हणून हक्क बुडाला असे नाही, औरंगाबादच्या खटल्याने तेच तर शिकवले. तिथे दिवाणी दावा लावायचा. त्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि ती जिल्हाधिकाऱ्यांकडे देता येते. मृत्यूच्या भरपाईचा दावा मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षांत लावावा लागतो. दुःख ओसरायला वर्ष जाते, सल्लामसलतीत सहा महिने जातात, नोटिशीला दोन महिने. हिशेब आत्ताच करा.

आता ज्या हॉस्पिटलात काहींना पैसे आणि काहींना फुकट असा व्यवहार असतो, तिथला फुकट उपचार घेणाराही ग्राहकच. विमा कंपनीने पैसे भरले असतील तरी ती पैसे देऊन घेतलेली सेवाच होय. तेव्हा “योजनेत झालं, आपण एक रुपया दिला नाही, मग काय बोलायचं” असे मनात धरून गप्प बसू नका, वकिलाला विचारा.

वकिलाचे पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हा हक्क आहे, उपकार नव्हे.

डॉक्टरच्या वर्तनाविषयीची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते. तिथे पैसे मिळत नाहीत, पण नोंदणी स्थगित होऊ शकते.

कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनची गोष्ट आणखी वेगळी. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एका सर्जनने काही तासांत ८३ बायांची ऑपरेशने केली. एका सर्जनने दिवसाला तीसच्या वर करू नयेत असा सरकारचा स्वतःचा नियम असताना. त्या आणि लागोपाठच्या शिबिरांतल्या १३ बाया दगावल्या. त्याआधी जानेवारी २०१२ मध्ये बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत, रात्री, दोन तासांत ५३ ऑपरेशने उरकली होती. या बिहारच्या प्रकरणावर गेलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ रोजी अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असा आदेश दिला. या ऑपरेशननंतर मृत्यू आला, गुंतागुंत झाली किंवा ऑपरेशन फसले तर सरकारची भरपाईची योजना आहे. त्यासाठी कुणाची चूक सिद्ध करावी लागत नाही. दवाखान्यात किंवा घरी सोडल्यापासून सात दिवसांत मृत्यू आला तर एक रक्कम आणि आठ ते तीस दिवसांत आला तर कमी रक्कम. म्हणून तारीख महत्त्वाची. आशाताई आणि आरोग्य सेविकांनी हा अर्ज घरपोच भरून घेतला पाहिजे.

कागद हाच साक्षीदार

खटले कुठे हरतात? कोर्टात नव्हे, स्मशानात हरतात. मृत्यूनंतरच्या पहिल्या चोवीस तासांत.

शवविच्छेदन झाले नाही तर मृत्यू कशाने झाला हे पुढे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. “आधीच तिची एवढी चिरफाड झाली, आता आणखी नको” ही भावना आम्ही समजू शकतो. आईबापांना तर ते ऐकवतही नाही. पण शंका असेल तर हाच एक कागद पुढे बोलणार आहे. पोलीस ठाण्यात लेखी खबर द्या, आकस्मिक मृत्यूची नोंद करायला लावा, पंचनाम्यात कोणत्या दवाखान्यात कोणत्या दिवशी कोणते ऑपरेशन झाले ते लिहायला सांगा. ज्या दवाखान्यात मृत्यू झाला त्याच दवाखान्यात शवविच्छेदन नको असेल तर तशी लेखी मागणी करा, वैद्यकीय महाविद्यालयात करा म्हणा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

त्यानंतर केसपेपर. मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे द्यावीत, असा वैद्यकीय व्यवसायाचा २००२ चा नियम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९६ सालीच सांगितले आहे की, पेशंटला किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाला प्रती नाकारता येत नाहीत. काय काय मागायचे? दाखल करून घेतल्याचा कागद, ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्या, संमतीपत्र, भूल देणाऱ्या डॉक्टरच्या नोंदी, ऑपरेशनच्या नोंदी, नर्सने लिहिलेला ताप-नाडी-रक्तदाबाचा तक्ता, औषधांची यादी, दुसरीकडे पाठवले असेल तर त्याची चिठ्ठी. प्रत्येक कागदावर वेळ लिहिलेली आहे का ते पाहा. ताप कधी चढला आणि डॉक्टर कधी आले, यातले अंतर पुष्कळदा सगळे सांगून जाते. बिले आणि मेडिकलच्या पावत्या फेकू नका. पैसे रोख दिले असतील तर पावती मागून घ्या.

आणि संमतीपत्राविषयी. ऑपरेशनच्या आदल्या रात्री नर्स पाच कागद पुढे करते आणि आपण बोट दाखवील तिथे सही करतो. सही करण्याआधी समजावून घेण्याचा हक्क आपला आहे. कोणते ऑपरेशन, कशासाठी, धोका काय, दुसरा उपाय आहे का, हे पेशंटला कळेल अशा भाषेत सांगितले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली बजावले आहे. आपल्याला मराठी कळते, कागद मराठीत मागा. भूल कोण देणार, तो डॉक्टर ऑपरेशनभर हजर राहणार का, रक्त कुठून आणणार, रात्री दवाखान्यात डॉक्टर असतो का, हे प्रश्न विचारले म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावला तर तेही एक उत्तरच समजा.

उलट हेही ध्यानात घ्या. सही केली म्हणजे डॉक्टरला निष्काळजीपणाची परवानगी दिली असा अर्थ होत नाही. “तुमची सही आहे, आता काही होत नाही” असे कुणी म्हणाले तर ते खोटे आहे.

गावकारभाऱ्यांना दोन शब्द

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक, आरोग्य सेविका, तुमच्या दारात माणसे सर्वात आधी येतात. तुम्ही पहिल्या तासात काय सांगता त्यावर पुढची वीस वर्षे ठरतात.

पोलीस पाटलांनी दगड उचलणारे हात थांबवावेत आणि त्याच माणसांना ठाण्यात लेखी खबर द्यायला न्यावे. ग्रामसेवकांनी मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी आणि मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरचा दाखला घरच्यांना मिळाला का ते विचारावे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो दाखला देणे दवाखान्यावर बंधनकारक आहे, त्याला पैसे नाहीत. “हृदयक्रिया बंद पडून मृत्यू” एवढेच लिहिले असेल तर त्यातून काहीच कळत नाही. मरणाऱ्या प्रत्येकाचीच हृदयक्रिया बंद पडते. ती का बंद पडली, हे कारण.

सरपंचांना आमची विनंती जरा कडक आहे. तडजोडीच्या बैठकीत बसू नका असे आम्ही म्हणत नाही. कधी कधी तडजोड शहाणपणाचीही असते, लहान लेकरांच्या घरी आज पैसा लागतो, तीस वर्षांनी नव्हे. पण ती दहाव्याच्या आत नको, कोऱ्या कागदावर नको, आणि मध्यस्थाचा वाटा तर अजिबात नको. वकिलाला दाखवून, रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहून, बँकेमार्फत, मुलांच्या नावाने. ज्या पुढाऱ्याला याची अडचण वाटते त्याला बैठकीतून उठवा.

सरकार आणि डॉक्टरांना

औरंगाबादच्या त्या घराला निकालासाठी १९९६ पर्यंत थांबावे लागले. कोलकात्याच्या एका प्रकरणात १९९८ मध्ये स्त्री गेली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे सहा कोटींची भरपाई दिली. तिथे नवरा स्वतः डॉक्टर होता, परदेशात स्थायिक होता आणि पंधरा वर्षे लढत राहिला. कोरडवाहू पाच एकरांच्या मालकाने हे कसे करायचे? जिल्हा ग्राहक आयोगातल्या जागा वेळेवर भरणे, दवाखान्यातील मृत्यूंवर तज्ज्ञांचे मत ठरावीक मुदतीत देणे, ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञाची जागा रिकामी न ठेवणे, ही सरकारची कामे आहेत. भूलतज्ज्ञाची जागा रिकामी ठेवायची आणि ऑपरेशनचा आकडा मात्र पूर्ण मागायचा, हा दुटप्पीपणा आहे. त्याचा राग शेवटी तिथे राबणाऱ्या एकट्या डॉक्टरवर निघतो.

डॉक्टर मंडळींनाही सांगणे आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी पेशंटच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचे आहे. आपल्या जिल्ह्यात किती दवाखान्यांत ते वाचता येईल अशा जागी आहे, हे तुम्हीच पाहा. आणि काही विपरीत घडले तर मागच्या दाराने निघून जाऊ नका. घरच्यांना बसवा, पाणी द्या, काय झाले ते खरे सांगा, कागद स्वतः हातात द्या. माणूस गेल्याच्या दुःखापेक्षा “कुणी काही सांगितलंच नाही” याचा राग मोठा असतो. काचा त्या रागाने फुटतात.

वाचकहो, डॉक्टरवर विश्वास ठेवा. विश्वासाशिवाय पोटाला सुरी लावून घेता येत नाही. पण सावकाराकडे, बाजार समितीत, सोसायटीत आपण विश्वासाबरोबर पावतीही घेतो. दवाखान्यातही घ्या. घरातल्या ट्रंकेत सातबाऱ्याच्या पिशवीशेजारी दवाखान्याच्या कागदांची एक पिशवी ठेवा. तिची गरज कधीच न पडो. पण पडली तर कोर्टाची पायरी चढताना रिकाम्या हाताने चढू नका, आणि दोन वर्षांची मुदत उलटायच्या आत चढा.